घर निघालं, अंगण राहिलं

घरदार सोडून आम्ही दोघं व्हॅनमध्ये राहायला लागलो, म्हणून दारात रांगोळी नको का? हर्णैला समुद्राशेजारी सडा घालून मी ठिपके जोडत बसले होते, तेवढ्यात आमचं घर सुरू झालं आणि चक्क निघालं! मी आत झोपलेय असं समजून ह्यांनी गाडी काढली होती.

“अहो!” मी ओरडले. फोन आत, चपला आत, चहासुद्धा आत! आधी रडूच आलं. मग असं हसू फुटलं की वाटेवरची कोळीणही पाटी उतरवून माझ्याबरोबर हसत बसली.

समोर आता मोकळी जागाच जागा होती. मी रांगोळी वाढवत नेली, पार चाकांच्या खुणांपर्यंत.

तासाभराने हे घामाघूम होऊन परतले.

“अगं, गाडी कुठे लावू?”

“लावा रस्त्यावर. माझ्या अंगणात चाक घातलंत तर याद राखा!”