वर्षभराचं वाळवण

टेनेरिफ बेटावरच्या हॉटेलात पोचल्यावर माझ्या बायकोच्या, वैजूच्या बॅगेतून पोहण्याचे कपडे नाहीत, मिक्सर निघाला. लेकीनं कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी खोलीच्या बाल्कनीत, हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर, मूगडाळीचे सांडगे वाळत होते. समोर निळाशार समुद्र, आणि ही पाठ करून सांडग्यांच्या राखणीला बसलेली. मी वैतागलो. "अगं, तुला ऊन खायला आणलंय इथं!"

"आपल्या लीड्सला डिसेंबरात असलं ऊन कुठं मिळतंय? वर्षभराचं होऊन जाईल."

वर्षभराचं! ही उन्हाळा बघेल असं वाटत नाही, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर सांगितलं होतं. तेव्हापासून ती त्यावर एक अक्षर बोलली नव्हती. पण जी बाई वर्षाची बेगमी करते, तिनं काहीतरी ठरवलंच असणार. त्या आशेवर मी चार दिवस लेकीबरोबर लाटांमध्ये वेड्यासारखा डुंबलो. बाल्कनीकडे बघून हात हलवत राहिलो. तीही हलवायची.

निघायच्या दिवशी ती वाळलेले सांडगे डब्यात भरत होती. घरी दरवर्षी दोन डबे भरतात. एक आमच्या बेताच्या तिखटाचा, आणि एक फक्त तिचा, लवंगी मिरचीचा. त्याला मी आणि लेक जीभही लावू शकत नाही.

मी दुसरा डबा शोधायला लागलो.

"तुझे कुठायत गं?"

"यंदा नाही घातले," ती म्हणाली, आणि झाकण घट्ट लावून तिनं डबा लेकीच्या बॅगेत ठेवला.