गायकीची वजाबाकी

ध्वनिसंग्रहालयातील यंत्राने चारुशीलाबाईंच्या मारव्याची शुद्ध केलेली प्रत वाजवली, तेव्हा तीत केवळ तानपुरा आणि तबला उरला होता, गाणे नव्हते.

"यातून पुसला तो माझा आवाज होता, टिल्लूसाहेब. गुरुजींचा नव्हे."

"आवाज तुमचाच, बाई," संग्रहपाल ओशाळून म्हणाले, "पण यंत्र गायकी ओळखते. दोषी ठरलेल्या कलावंताची गायकी जिथे सापडेल तिथून ती पुसावी, असा कायदा आहे. आणि गुरुजी दोषी ठरले ते तुमच्याच साक्षीवरून."

ज्या खोलीत गुरुजींनी बाईंच्या गळ्यावर मींड चढवली, त्याच खोलीत एका चुकल्या सुरापायी त्यांनी बाईंचे मनगट मोडले होते.

"साक्ष मागे घेतलीत, तर दोघांचेही गाणे राहील. मूळ प्रत अजून पुसलेली नाही."

"माणूस टाकून गाणे तेवढे ठेवणे तुमच्या यंत्राला जमत नाही?"

"नाही जमत, बाई."

"मी चाळीस वर्षे तेच करीत आले. फार दमवणारे काम आहे ते." बाईंनी मूळ प्रत एकदा शेवटपर्यंत ऐकली, आणि मग म्हणाल्या, "साक्ष खरी होती. पुसा."