डॅशबोर्डमागची डबी

गाडीतला नकाशा महिनाभर वेड्यासारखा वागत होता; भररस्त्यात सिग्नल जायचा आणि गाडी तळ्यात उभी दिसायची. शेवटी ती वडिलांना घेऊन गॅरेजला गेली. मेकॅनिकने वायरी तपासल्या, मग डॅशबोर्ड उघडून अँटेनाला चिकटलेली काळी डबी काढली. “ताई, हा ट्रॅकर आहे. तुम्ही कुठे जाता ते कुणीतरी मोबाइलवर बघतंय. याच्यामुळेच सिग्नल बिघडतोय.” तिने वळून पाहिलं, तर वडील नजर चुकवत होते. “बाबा, तुम्ही?” “तुझी आई गेली, तेव्हा तिची गाडी कुठल्या दरीत आहे, हे आपल्याला तिसऱ्या दिवशी कळलं.” ओठांवर आलेलं भांडण तिने गिळलं. “काढून टाकू?” मेकॅनिकने विचारलं. “नको. अँटेनापासून लांब, डिकीत बसवा.” मग तिने वडिलांपुढे हात केला. “मोबाइल द्या. तुम्ही कुठे फिरता ते मलाही दिसू दे.”