डॉक्टरांचा जोडतारा

“हा एक. तो दुसरा. आणि तो समोरच्या गच्चीवरचा हॅलोजन, तो तर माझ्या जिवावरच उठलाय!” दातांचे डॉक्टर गॅलरीत उभे राहून एकेका दिव्याकडे बोट दाखवत होते, पोलिसांना चोर दाखवावेत तसे. “आता तुम्हीच सांगा मॅडम, या उजेडात कोण माईचा लाल जोडताऱ्याचा फोटो काढेल?”

मॅडम दुर्बिणीकडे बघत होत्या. त्या शहरातल्या आकाशदर्शन मंडळाच्या अध्यक्ष. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या, आणि म्हणूनच जरा धाक वाटावा अशा. मंडळाच्या प्रदर्शनासाठी डॉक्टरांनी पाठवलेला फोटो त्यांनी दरवर्षी न चुकता परत केला होता.

जोडतारा म्हणजे नुसत्या डोळ्यांना एक दिसणारा, पण दुर्बिणीतून पाहिला की दोन निघणारा तारा. डॉक्टर फोटो काढायचे तो हंस तारकासमूहाच्या चोचीतला, एक सोनेरी, एक निळा. नवशिक्यालाही सहज दोन दिसतात. डॉक्टरांच्या फोटोत मात्र एकच निघायचा, आणि तोही दाढ सुजल्यासारखा. “फोकस बघितलात का?” असं मॅडमनी मागे एकदा फोनवर विचारलं, तेव्हा डॉक्टर चांगलेच दुखावले. फोकसचा काय संबंध? दोष सगळा दिव्यांचा. क्लिनिकमध्येही ते दिवसभर हेच सांगायचे. तोंडात ड्रिल असलेला माणूस वाद घालत नाही, त्यामुळे आपलं म्हणणं सगळ्या शहराला पटलंय, असा त्यांचा समज झाला होता. एवढंच नाही, तर “यंदा माझा फोटो लागतोय, यायचं हं,” असं अर्ध्याअधिक पेशंटांना सांगूनही झालं होतं. आता तो लागला नाही, तर गाल धरून बसलेली माणसंसुद्धा हसणार होती.

“मी मुद्दाम स्वतः आले,” मॅडम शेवटी म्हणाल्या. “तुम्ही दुर्बीण लावा, मी बघते. आज मला दोन ठिपके दाखवलेत, तर फोटो भिंतीवर. नाहीतर पुन्हा पाठवायचा नाही.”

“दाखवले असते हो! डोळे झाकून दाखवले असते! एकदा, फक्त एकदा हे मेले दिवे विझू देत, मग बघा माझी कमाल!”

आणि दिवे विझले.

हॅलोजन गेला, रस्ता गेला, समोरच्या इमारती गेल्या. कुठल्यातरी सबस्टेशनात काहीतरी उडालं आणि अख्खं शहर गुडुप झालं. आतून बायकोचा आवाज आला, “घ्या! झालं एकदाचं समाधान?”

हळूहळू डोळे सरावले. आणि मग वर जे दिसलं, ते या गॅलरीतून आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तारेच तारे! आजूबाजूच्या गॅलऱ्यांतून “अगं बाई!” आणि “अरे बापरे!” ऐकू येऊ लागलं. डॉक्टरांनाही भरून आलं. खरंच आलं. आकाशावर त्यांचं मनापासून प्रेम होतं, फक्त ओळख नव्हती. ते तोंड उघडं टाकून वर बघत राहिले.

खालच्या मजल्यावरच्या आजींनी गॅलरीतून मान वर काढून विचारलं, “डॉक्टर, त्या इमारतीमागून वर धुरासारखं काय येतंय हो? पांढरं पांढरं?”

“कारखान्याचा धूर आहे, आजी,” डॉक्टरांनी ठासून सांगितलं. “खिडक्या लावून घ्या.”

“आकाशगंगा आहे ती,” मॅडम म्हणाल्या.

आजी कसल्या खिडक्या लावतायत! त्यांनी बसून बघायला खुर्ची मागवली.

“हं, डॉक्टर,” मॅडमनी हाताची घडी घातली. “आता काय अडचण आहे?”

अडचण होती, पण ती मॅडमना सांगण्यासारखी नव्हती. समोरच्या दोन इमारतींच्या मधोमध आकाशाची एक पट्टी होती आणि या दिवसांत संध्याकाळी त्या पट्टीत एकच तारा दिसायचा. दुर्बीण त्याच्यावर रोखली की काम झालं. शोधायला दुसरं होतंच काय? हंस कुठला, त्याची चोच कुठली, हे बघायची डॉक्टरांवर कधी वेळच आली नव्हती. आज त्याच पट्टीत पसाभर तीळ सांडावेत तसे तारे सांडले होते.

डॉक्टरांनी एका ताऱ्यावर दुर्बीण लावली, कॅमेऱ्याचं बटण दाबलं. मॅडमनी स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं. “हा एकच आहे.”

“हो हो, हा सहज, हात साफ करायला,” डॉक्टर म्हणाले आणि दुसरा धरला. तोही एकच निघाला. तिसरा तर फोटोत आलाच नाही. गार वाऱ्यात डॉक्टरांना दरदरून घाम फुटला.

“आलोच हं, जरा पाणी पिऊन,” असं म्हणत ते ठेचकाळत स्वयंपाकघरात शिरले आणि दार लावून घेतलं. बायकोने मेणबत्तीच्या उजेडात भांडं पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि वीज कंपनीला फोन लावला.

“दुरुस्ती चालू आहे साहेब,” पलीकडचा माणूस वैतागून म्हणाला. “जरा धीर धरा.”

“धीर काय धरा! तुमच्या पाया पडतो, पण लवकर लाइट सोडा,” डॉक्टर तोंडाशी हात धरून काकुळतीने कुजबुजले. “अहो, इथे इतके तारे झालेत, की माझा तारा सापडत नाहीये!”