टुणूक

"मोकळेपणानं सांगा, ताई. आजी आत मशीनमध्ये आहेत, त्यांना काही ऐकू जायचं नाही," संशोधक मुलगी म्हणाली आणि पेन सरसावून बसली.

भिंतीपलीकडे कुणी पत्रे ठोकावेत तसं मशीन ठणठणत होतं. सुनेच्या मांडीवरचा अडीच वर्षांचा पोरगा त्या तालावर टाचा आपटत होता.

वर्षापूर्वी सासूबाईंना पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला होता. बोलणं-चालणं लवकरच पहिल्यासारखं झालं. पण मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या पुढे कशा झिजत जातात याचा इथं अभ्यास चालला होता, त्यात त्यांनी आपण होऊन नाव दिलं होतं. त्या अभ्यासाची रीतच अशी, की पेशंटच्या डोक्याचे फोटो निघत असताना बाहेर घरच्यांना गाठून विचारायचं.

नावं विसरतात? क्वचित. बोलताना शब्द अडतो? कधीकधी. चाल मंदावली आहे? सून घुटमळली. "थोडी."

"लहान मूल त्यांच्यावर सोपवून तुम्ही निर्धास्तपणे बाहेर जाऊ शकता?"

तिनं पोराच्या आपटणाऱ्या टाचा हातानं धरल्या.

घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रोज पोराला सासूबाईंकडे सोडून ती कामावर जायची आणि तिचा निम्मा जीव त्या जिन्यात अडकलेला असायचा. कठडा धरून तुरुतुरु उतरणारा पोरगा महिन्याभरापासून पायरीवर बूड टेकून उतरू लागला होता. टुणूक म्हणायचा आणि खालच्या पायरीवर. पुन्हा टुणूक. तिनं धसका घेतला. मुलांच्या डॉक्टरांनी पाय तपासले, ठणठणीत निघाले. मग पडला असेल, घाबरला असेल, आणि सासूबाईंनी ते लपवलं असेल. विचारायचा धीर काही झाला नाही. नवऱ्याशी बोलून तिनं गुपचूप पाळणाघरात जागा तेवढी धरून ठेवली. हो की नाही, ते आज कळवायचं होतं.

मशीन थांबलं. त्या शांततेत मुलीनं प्रश्न पुन्हा वाचला, जरा मोठ्यानंच.

"ते मला विचार," दारातून आवाज आला. सासूबाई भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. मशीनमध्ये चालत नाहीत म्हणून केसांच्या पिना काढलेल्या. पांढरे केस खांद्यावर मोकळे.

"आजी, हे घरच्यांनाच विचारायचं असतं. स्वतःतला बदल पेशंटला कधीकधी कळत नाही, म्हणून—"

"डोकं माझं, पाय माझा, आणि कळणार ते हिला? दाखव बघू, काय निघालं फोटोत."

खरं तर दाखवायचं नसतं. पण मुलीनं दाराकडे एकदा पाहिलं आणि टेबलावरचा स्क्रीन वळवला. करड्या मेंदूच्या मधोमध पांढरे डाग. शेजारी लावलेल्या गेल्या वर्षीच्या फोटोत ते कमी होते.

"इथल्या बारीक नळ्या बंद पडत चालल्यात, आजी. पायांना हुकूम नेणाऱ्या तारा इथूनच जातात."

सासूबाईंनी चष्मा चढवून डाग न्याहाळले, बाजारात भाजी निवडावी तसे. "म्हणजे हे ते. सपाटीवर पाय ऐकतो, जिन्यात ऐकत नाही. उतरताना तर मुळीच नाही."

सून ताडकन उठली. "आई, मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पोरगं पाळणाघरात गेलं असतं." सुनेनं मान खाली घातली. "आणि तू तरी कुठं विचारलंस? महिनाभर माझ्या पायांकडे बघतेयस. तोंडाकडे एकदा बघायचंस."

पिनांची पुडी मुठीत धरून त्या निघाल्या. "चल रे, बाळा."

"आजी, लिफ्ट इकडे आहे," मुलगी मागोमाग धावली.

"आमच्याकडे लिफ्ट नाही, पोरी. घरी करते ते इथं करून दाखवते. तुला लिहायला बरं."

जिन्याच्या तोंडाशी त्या थांबल्या. कठडा धरला आणि भरदिवसा, डॉक्टर-पेशंटांच्या वर्दळीत, सरळ पहिल्या पायरीवर बसल्या. पोरगा आईचा हात सोडवून पळाला आणि भिंतीच्या बाजूला त्यांना खेटून बसला. कसं बसायचं ते त्याला पाठ होतं. आजीचा हात त्याच्या कमरेभोवती गेला, दुसरा कठड्यावर.

"टुणूक," आजी म्हणाल्या. दोघं एक पायरी खाली.

खालून एक वॉर्डबॉय धावत आला. "अहो आजी, पडलात का?"

"पडू नये म्हणून बसलेय. बाजूनं जा."

"टुणूक," पोरगा म्हणाला.

चढणारे थबकून बघू लागले. कुणीतरी हसलं. सुनेच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "आई, लोक बघतायत."

"बघू देत. शिकतील."

संशोधक मुलगी कागद छातीशी धरून उभी होती. "ताई," ती हळूच म्हणाली, "त्या शेवटच्या प्रश्नाचं काय लिहू?"

सुनेनं पर्स तिरकी गळ्यात अडकवली. एकदा खाली पाहिलं, पायांकडे नाही, मोकळ्या सुटलेल्या त्या पांढऱ्या केसांकडे. मग कपडे सावरून तीही पायरीवर बसली. फरशी गार होती. पोरानं वळून पाहिलं आणि आपल्या मागची पायरी तिच्यासाठी हातानं पुसली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "आधी आम्हाला खाली पोहोचू द्या."