मिस्त्रीचा दात

“या वेळी चाक तुटलं तर याद राखा,” पुठ्ठ्याच्या कारखान्याचा मालक म्हणाला. “आणि ते तेरा दातांचं लहान चाकही काढून टाका. जोडीच नवी द्या.”

“देतो की,” मिस्त्री म्हणाला. “यंत्रावर कोण असतं हल्ली?”

“कोण असणार? तुमच्या भावाचा हात गेल्यापासून एक कामगार तिकडे फिरकेल तर शपथ! कामचलाऊ चाक बसवून मीच उभा असतो दिवसभर.”

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! मिस्त्रीनं मान खाली घालून मापं लिहून घेतली.

दातेरी चाकं कापण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. विद्या वडिलांची. मोठ्या चाकाचे दात इतके ठेवावेत की त्या आकड्याला कुणी भागू नये. मग लहान चाकातला एखादा खोटा दात सगळ्यांना आळीपाळीनं भेटतो, ठरावीक दातांच्याच मागे लागत नाही. आकडा पारखायची रीतही वडिलांचीच. दोनानं बघ, तीनानं बघ, पाचानं बघ. तिघांनी सोडलं की आकडा मूळ. वडिलांनी उभ्या जन्मात चाळीस दातांच्या वरचं चाक कापलं नाही, पण त्यांचं एकही चाक कधी परत आलं नाही.

मिस्त्रीचं मात्र एक आलं. सहा महिन्यांपूर्वी याच मालकाच्या यंत्रात मोठ्या चाकाचे दात तुटले, रूळ सुटला आणि धाकट्या भावाचा उजवा हात मनगटापासून गेला. मालक सगळ्यांदेखत म्हणाला, “पोरगा झोपा काढत होता.”

“माझ्या चाकात खोट नव्हतीच!” मिस्त्री भेटेल त्याला छाती ठोकून सांगे. “एक्क्याण्णव दात! आहे कुणाची टाप एक्क्याण्णवला भागायची? मेल्यानं यंत्राला झेपेना इतका माल कोंबला, आणि वर माझ्या सोन्यासारख्या भावाला झोपाळू ठरवलं!”

ते तुटलेलं चाक धाकट्यानं भंगारातून उचलून आणलं होतं. मिस्त्रीला त्या चाकाकडे बघवत नसे. कोपऱ्यात पोत्याखाली ते पडून होतं.

तेव्हापासून मालकावर मिस्त्रीचा दात होता.

या वेळी त्यानं वडिलांची विद्या उलटी चालवली. मोठं चाक चौऱ्याऐंशी दातांचं, लहान बारा. लहान चाकाच्या एका दाताची कड त्यानं मुद्दाम जराशी उंच ठेवली. बोट फिरवलं तरी कळणार नाही, इतकीच. चार दिवस तो जेवायलाही धड उठला नाही.

धाकटा शेजारी बसून डाव्या हातानं आकडे गिरवत होता. महिनाभर त्याचा हाच उद्योग चालला होता.

“दादा, हे फार दिवस टिकायचं नाही ना?” त्यानं विचारलं.

“दोन महिने. फार तर अडीच,” मिस्त्री म्हणाला. “आणि दात तुटतील तेव्हा तिथं कोण उभा असेल, ठाऊक आहे? तो स्वतः! करावं तसं भरावं.”

“सगळे दात तुटतील?”

“छे रे. सातच. बारा साती चौऱ्याऐंशी. हा खोटा दात दर फेऱ्याला त्याच सातांना खात बसणार. दर बारावा दात गेलेला दिसेल. बघच तू, डोळ्यांचं पारणं फिटेल.”

 धाकटा उठला, कोपऱ्यात गेला आणि पोत्याखालचं जुनं चाक एका हातानं ओढत घेऊन आला. ते त्यानं मिस्त्रीसमोर टेबलावर ठेवलं. जिथं जिथं दात तुटला होता, तिथं खडूची खूण होती.

“कशाला आणलंस हे?” मिस्त्री तोंड फिरवत म्हणाला.

“मोज, दादा.”

“अरे, पण...”

“मोज म्हणतो ना!”

मिस्त्रीनं बोट ठेवलं आणि मोजू लागला. पहिल्या खुणेपासून दुसरी तेराव्या दातावर. तिसरी पुन्हा तेराव्या दातावर. चौथीही. सगळ्या मिळून खुणा सात.

“आता तेराचा पाढा म्हण,” धाकटा म्हणाला.

“वेड लागलंय का तुला?”

“म्हण.”

“तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस...” लहान मुलासारखा घाईघाईनं मिस्त्री म्हणत सुटला. “...तेरा पंचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साती...”

आणि मिस्त्रीची दातखीळ बसली.