झाकलेली परात

तोर्तेल्लीनोची घडी किंचित डावीकडे झुकलेली होती. ओर्नेलाने तो करंगळीच्या टोकावर धरून उजेडात फिरवला. आत खिमा, बाहेर कणकेची नखाएवढी पुरचुंडी. टोकं जुळली होती तिथला सांधाही दिसत नव्हता. आईचे अगदी असेच असत. असणारच, आई आणि हा माल देणारी दिर्चे, दोघी लहानपणी एकाच बाईच्या हाताखाली शिकल्या होत्या.

"काय बघतेस एवढं? विष नाही घातलेलं," मागच्या दारात उभी असलेली दिर्चे म्हणाली.

"तसं नाही हो मावशी."

"बघ, बघ. पण एक सांगते, यंदा तुमच्या घरानेच मला जगवलं. नाहीतर हाताने वळलेलं आता बोलोन्यात घेतंय कोण?"

ओर्नेलाने ओशाळून परात आत घेतली आणि दार पटकन लावून घेतलं. आई वर कपडे बदलत होती.

गेल्या हिवाळ्यात भर दुपारी, भरलेल्या खाणावळीत आईचे तोर्तेल्लीनो रश्शात उघडले होते. कणकेच्या चिंध्या एकीकडे, खिमा दुसरीकडे. एक गिऱ्हाईक मोठ्याने म्हणालं होतं, "हे काय, कालचं उरलेलं वाढलंत की काय?" आईने फक्त तो वाडगा उचलला होता.

दुसऱ्या दिवसापासून ओर्नेला आईच्या नकळत दिर्चेकडून माल घेऊ लागली. आईला 'आता पुरे' म्हणायचं तिच्या जिवावर येई. ज्या बाईच्या नावाने खाणावळ चालत आली, तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

आईचा दिनक्रम ठरलेला होता. सकाळची प्रार्थना आटोपून, बाजाराची पिशवी घेऊन ती आतल्या खोलीत शिरे आणि दार-खिडक्या लावून घेई. वारा लागला की लाटलेली पारी वाळते, म्हणून त्या वेळी आत कुणी जायचं नाही, हा घरचा जुना नियम. पूर्वी लाटण्याचा आवाज थेट रस्त्यापर्यंत यायचा. आता कान लावला तरी ऐकू येत नसे. हातातली ताकदच गेली बिचारीच्या, असं ओर्नेलाला वाटे.

मग आई फडक्याने झाकलेली परात बाहेर आणून ठेवी आणि वर जाई. ओर्नेला ती पोत्यात उपडी करी. फडकं वर उचलून आत पाहण्याचं धैर्य तिला एकदाही झालं नव्हतं.

आजही तिने तेच केलं, आणि पोत्याचं तोंड बांधून हात खसाखसा धुतले.

दुपारी उल्देरिको आणि लिव्हिया आले. दरवर्षी शरदात हे नवरा-बायको त्रिएस्तेहून येत.

"याला इथला एक मनोरा धड माहीत नाही," लिव्हिया कोट काढत म्हणाली. "खायच्या जागा तेवढ्या विचारा!"

"मनोरे काय चावायचेत?" उल्देरिको म्हणाला. "मोर्तादेल्ला सॉसेज बाजारामागच्या बोळात, आइस्क्रीम देवळामागे. पण पहिलं जेवण इथेच. बाकी सगळं नंतर."

रस्सा आला. त्याने पहिला चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले.

"नीवेसबाईंना बोलवा! हात आहे की काय आहे!"

आई बाहेर आली. त्याने उठून तिचा हात धरला. ओर्नेला पाव कापत राहिली. मान वर करायची तिची हिंमत झाली नाही.

"नीवेसबाई, एक मागणं आहे," लिव्हिया म्हणाली. "उद्या सकाळी तासभर तुमच्याजवळ बसू द्या. शिकायचंय मला."

आईने हात सोडवून एप्रनखाली घेतले. "दार उघडं राहिलं की पारी वाळते हो."

"मी आत बसेन ना, दार लावून. हूं की चूं करणार नाही."

"ही आणि गप्प?" उल्देरिको हसला. "पण नाही म्हणू नका. इतकी वर्षं पोटभर वाढलंत, आता हात आखडता घेऊ नका."

"बघू," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

उद्या ही बाई आत बसणार, आईची बोटं थरथरणार आणि परक्या माणसासमोर तिची शोभा होणार. छे. आज बोललंच पाहिजे. वर्षभर आपण भित्रेपणा केला आणि त्याला माया म्हणत राहिलो.

पाहुणे गेले. आई टेबलावरचे पावाचे कण हाताने गोळा करत होती. तिची बोटं सांध्यांपाशी सुजली होती.

"आई, जरा बस. मला तुझ्याशी..." ओर्नेलाने खुर्ची पुढे ओढली. "आई, रागावू नकोस. हे मी खूप आधी बोलायला हवं होतं."

"मीसुद्धा," आई म्हणाली.

ती खुर्चीवर टेकली.

"लाज वाटत होती गं. पण आता पुरे झालं. दिर्चेला सांग, उद्यापासून आपल्या दोघींना वेगवेगळ्या दोन नकोत, मिळून एकच परात पाठव."